डिसॅबिलिटी पेन्शनच्या निकालाविरुद्ध अपिलाची मुदत उलटून गेली, तर ती वाढवून कशी मागायची?

सैन्यातून वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्या किंवा निवृत्तीच्या वेळी अपंगत्वाची नोंद झालेल्या जवानाला अपंगत्व निवृत्तिवेतन, म्हणजेच आपल्याकडे सगळे जिला डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतात ती, मिळावी की नाही हे मुख्यतः दोन प्रश्नांवर ठरते. वैद्यकीय मंडळाने नोंदवलेले अपंगत्व किमान 20 टक्के आहे का, आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे वाढले असे मानता येते का? भांडण बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावरून होते. मंडळ ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारते, नकाराचे पत्र येते, खात्याकडे पहिले आणि दुसरे अपील होते आणि शेवटी प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे, म्हणजे एएफटीपुढे जाते. 2007 च्या कायद्याने निर्माण झालेल्या आणि 2009 पासून काम करू लागलेल्या या न्यायाधिकरणाचे मुंबईतील खंडपीठ महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातमधील प्रकरणे ऐकते.

न्यायाधिकरणाचा निकाल विरोधात गेल्यावर पुढे जाण्यासाठी जी मुदत मिळते, ती इतकी थोडी आहे की निकाल समजून घेण्यातच ती संपून जाण्याचा धोका असतो. अशा वेळी ‘आता काही होणार नाही’ असे सांगणारे भेटतात, तसेच ‘कोर्ट उशीर माफ करतेच’ असा दिलासा देणारेही भेटतात. दोन्ही सल्ले घातक आहेत. मुदत वाढवून देण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयाला दिलेला आहे, पण तो वापरला जाण्यासाठी उशिराचा कागदोपत्री आणि प्रामाणिक हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब कसा मांडायचा, हे या लेखात सविस्तर सांगितले आहे.

मुदत नेमकी किती?

सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, 2007 च्या कलम 30 मध्ये न्यायाधिकरणाच्या अंतिम आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची तरतूद आहे आणि तिथे 90 दिवसांचा आकडा दिसतो. तेवढाच आकडा वाचून निवांत राहणारा माणूस फसतो, कारण कलम 30 हे कलम 31 च्या अधीन आहे आणि कलम 31 सांगते की अपील करण्यासाठी आधी परवानगी हवी. ही परवानगी न्यायाधिकरणाकडे निर्णयाच्या तारखेपासून 30 दिवसांत मागायची असते. न्यायाधिकरणाने नकार दिला, तर त्या नकाराच्या तारखेपासून 30 दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे मागायची असते. ब्रिगेडियर पी. एस. गिल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले की परवानगीची ही पायरी टाळून थेट अपील दाखल करता येत नाही. न्यायाधिकरण ही परवानगी तेव्हाच देते, जेव्हा निर्णयात सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा गुंतलेला आहे असे ते प्रमाणित करते. सर्वोच्च न्यायालय मात्र, मुद्दा आपण विचारात घ्यावा असा आहे असे वाटल्यास, स्वतः परवानगी देऊ शकते.

यातला सर्वात मोठा खड्डा निकालपत्राच्या शेवटच्या ओळींत असतो. निकाल जाहीर होताच वकील तोंडी परवानगी मागतात आणि न्यायाधिकरण ती त्याच आदेशात नाकारते, असे अनेकदा घडते. तसे झाले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचे 30 दिवस त्याच तारखेपासून धावू लागतात. समजा, 3 मार्चला आदेश झाला आणि त्यातच तोंडी विनंती फेटाळली गेली. कलमाचे शब्द त्या तारखेपासूनच मोजणी सुरू करणारे असल्यामुळे 3 मार्च हाच पहिला दिवस धरला, तर 1 एप्रिल हा तिसावा दिवस येतो. निकालाची प्रत टपालाने गावात पोहोचून, ती कोणाकडून तरी वाचून घेऊन, मुलाच्या सुट्टीची वाट पाहून मुंबईच्या वकिलांना भेटायला निघेपर्यंत ही तारीख उलटून गेलेली असते. म्हणून निकालपत्र हाती आल्यावर पेन्शन मिळाली की नाही हे पाहून झाले की लगेच शेवटचा परिच्छेद वाचावा आणि परवानगीबद्दल तिथे काही लिहिले आहे का ते पाहावे.

मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 12 मध्ये निकालाचा दिवस आणि प्रमाणित प्रत मिळण्यात गेलेला काळ मोजणीतून वगळण्याची तरतूद आहे, तर कलम 4 प्रमाणे मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला, तर ते उघडेल त्या दिवशी दाखल केलेले चालते. विशेष कायद्यांनी ठरवलेल्या मुदतींनाही, त्या कायद्यात वेगळे म्हटले नसेल तर, या तरतुदी लागू होतात, आणि गरज पडल्यास वकिलांनी हा मुद्दा अवश्य मांडावा. मात्र तारीख ठरवताना या सवलतींवर विसंबून राहू नये. सर्वात कडक मोजणीने येणारी तारीखच आपली तारीख मानावी.

मुदत वाढवण्याचा अधिकार कुठून येतो?

त्याच कायद्याच्या कलम 32 मध्ये हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला दिला आहे. अपील करणाऱ्याने कधीही अर्ज केला, तरी कलम 30 किंवा कलम 31 मधील मुदत न्यायालय वाढवून देऊ शकते, असा त्याचा आशय आहे. ‘कधीही’ या शब्दामुळे अर्जाचे दार मुदत संपल्यावरही बंद होत नाही, ही फार मोठी सोय आहे. पण दार उघडे असणे आणि आत घेतले जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालय इथेही तीच कसोटी लावते, जी मुदत अधिनियमाच्या कलम 5 वरून देशभर रुळलेली आहे: उशिराला पुरेसे कारण होते का?

पुरेसे कारण म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात मुद्दामच दिलेली नाही. 1987 मध्ये अनंतनागच्या भूसंपादन जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रकरणात, जे कातिजी प्रकरण म्हणून ओळखले जाते, सर्वोच्च न्यायालयाने अवघ्या चार दिवसांचा उशीर माफ करताना उदार दृष्टीचा पुरस्कार केला आणि उशिरा अपील करण्यात पक्षकाराचा सहसा काही फायदा नसतो, हे लक्षात आणून दिले. 1998 मध्ये एन. बालकृष्णन यांच्या प्रकरणात तर 883 दिवसांचा उशीर माफ झाला, कारण स्पष्टीकरण पटण्यासारखे होते. उशीर किती लांब आहे यापेक्षा स्पष्टीकरण स्वीकारार्ह आहे का, हे महत्त्वाचे, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. याचा अर्थ उलट बाजूनेही लावावा लागतो. कारणच नसेल, तर थोडा उशीरही माफ होत नाही.

अलीकडच्या निकालांत कसोटी अधिक कडक झालेली दिसते, आणि त्यातला एक निकाल आपल्या पुण्याचा आहे. पुण्यातील एका जमिनीच्या दाव्यात केंद्र सरकारची याचिका पुन्हा सुरू करण्यासाठीचा अर्ज 12 वर्षे 158 दिवस उशिरा आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने उशीर माफ करण्यास नकार दिला आणि एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. उशीर माफ करायचा का, हे ठरवताना मूळ प्रकरणातील बाजू किती भक्कम आहे इथपासून सुरुवात करायची नाही, आधी स्पष्टीकरण खरे आहे का ते पाहायचे, असे न्यायालयाने त्यात बजावले. जवानांच्या अर्जांत नेमकी हीच चूक मला सर्वात जास्त खटकते. पानेच्या पाने सियाचीनच्या नेमणुकीवर, दुखापतीवर, मंडळाच्या अन्यायावर खर्च होतात, आणि उशीर का झाला याला मात्र ‘आर्थिक अडचणीमुळे’ एवढे दोनच शब्द मिळतात. अन्यायाची हकीकत मनाला भिडणारी असली, तरी उशिराच्या अर्जात तिला दुय्यम जागा आहे.

अर्जात काय लिहावे?

रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स या जुन्या आणि आजही उद्धृत होणाऱ्या निकालाने एक उपयोगी गोष्ट शिकवली आहे. मुदतीच्या आतल्या दिवसांत अपील का केले नाही, हे सांगण्याची सक्ती नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवसापासून प्रत्यक्ष दाखल करण्याच्या दिवसापर्यंतचा काळ समजावून द्यावा लागतो. वरच्या उदाहरणात 1 एप्रिलनंतरच्या काळाचा हिशेब हवा. तो तारखांच्या क्रमाने लिहावा, प्रत्येक टप्प्याला कागद जोडावा आणि सगळे शपथपत्रावर सांगावे. निकालाची प्रत कधी हाती आली, याला टपालाचा लिफाफा किंवा ईमेल. रुग्णालयात कधी दाखल होतो, याला डिस्चार्ज कार्ड. घरात मृत्यू झाला, तर मृत्यूचा दाखला. पुराने रस्ते बंद होते, जसे ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे झाले, तर तलाठ्याचा पंचनामा. पैसे जमवायला वेळ लागला असेल, तर बँकेचे पासबुक आणि कर्जाचे कागद. वकिलांकडून दिरंगाई झाली असेल, तर त्यांना केलेले फोन, संदेश, पत्रे. कारण ‘वकिलांनी कळवले नाही’ एवढे विधान पुरत नाही, आपण स्वतः चौकशी करत होतो हे दिसावे लागते.

आजारपणाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण डिसॅबिलिटी पेन्शनच्या प्रकरणात अर्जदार आजारी असणे ही गृहीतच धरलेली गोष्ट असते. त्यामुळे ‘मी अपंग आहे’ हे कारण न्यायालयाला नवीन वाटत नाही. तोच माणूस त्याच अपंगत्वासह न्यायाधिकरणापर्यंत आलेला असतो. म्हणून त्या विशिष्ट आठवड्यांत काय वेगळे घडले, ते सांगावे लागते: मणक्याची शस्त्रक्रिया झाली, डायलिसिस सुरू झाले, नैराश्याचा झटका येऊन लष्करी किंवा सरकारी रुग्णालयात ठेवावे लागले. मानसिक आजाराच्या बाबतीत एक गैरसमज घरच्यांना महागात पडतो. मुदत अधिनियमाच्या कलम 6 प्रमाणे मानसिक आजाराने निर्णयक्षमता गमावलेल्या किंवा अल्पवयीन व्यक्तीची मुदत थांबते, हे खरे आहे, पण ते कलम दावे आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज यांच्यापुरते आहे. अपिलाची मुदत त्यामुळे थांबत नाही. स्किझोफ्रेनियाने ग्रस्त जवानाच्या पत्नीने ‘ते बरे होतील तेव्हा सही करतील’ म्हणून थांबणे माणूस म्हणून समजण्यासारखे आहे, पण कायद्याच्या घड्याळाला ते कळत नाही. अशा वेळी वैद्यकीय प्रमाणपत्रासह लवकरात लवकर अर्ज करून उशीर माफ करण्याची विनंती करणे हाच मार्ग उरतो, आणि असे कारण न्यायालयाने सहानुभूतीने पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

काही कारणे मात्र टिकत नाहीत. ‘नंतर सर्वोच्च न्यायालयाचा दुसऱ्या जवानाच्या बाजूने निकाल आला, म्हणून आता अपील करतो’ हे त्यातले सर्वात सामान्य. 2013 च्या धरमवीर सिंह निकालाने सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे मानले जाईल आणि सेवेशी संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर राहील. 2014 च्या राम अवतार निकालाने अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा लाभ व्यापक केला. हे निकाल वाचून जुन्या पराभवाबद्दल हळहळ वाटणे साहजिक आहे. पण नंतर कायद्याचा अर्थ बदलला, एवढ्यावरून जुना उशीर माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या प्रकरणांत सांगितले आहे. तसेच न्यायाधिकरणाकडे पुनर्विलोकनाचा, म्हणजे त्यानेच आपला आदेश पुन्हा तपासावा असा, अर्ज केला म्हणून अपिलाचे घड्याळ आपोआप थांबते असे समजू नये. त्या अर्जासाठी आदेशाची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांची स्वतंत्र मुदत आहे, आणि तो प्रामाणिकपणे चालवण्यात वेळ गेला असेल, तर तेवढा काळ आपल्या स्पष्टीकरणाचा भाग म्हणून मांडता येतो.

ज्यांचे जुने आदेश कोविडच्या काळातले आहेत, त्यांनी 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मोजणीतून वगळण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश अर्जात नमूद करावा.

हरलेला जवान आणि कधी न्यायालयात न गेलेला जवान

गावातल्या चर्चेत या दोघांची गोष्ट एकमेकांत मिसळते, आणि त्यातून चुकीच्या आशा निर्माण होतात. तरसेम सिंह नावाच्या जवानाला 1983 मध्ये वैद्यकीय कारणाने सेवेतून काढले गेले होते आणि त्यांनी 1999 मध्ये, म्हणजे 16 वर्षांनी, उच्च न्यायालयात याचिका केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटले की पेन्शन न देणे ही दर महिन्याला नव्याने घडणारी चूक असल्यामुळे उशिरा आलेल्याचाही हक्क बुडत नाही, मात्र थकबाकी याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरती मिळेल. हा दिलासा ज्याने अद्याप न्यायालयाचा निर्णय घेतलेला नाही त्याच्यासाठी आहे. एकदा न्यायाधिकरणाने गुणदोषांवर निर्णय देऊन दावा फेटाळला, की तो निर्णय दोन्ही पक्षांना बांधतो आणि ‘दर महिन्याला नवी चूक’ हा युक्तिवाद तो आदेश बाजूला सारू शकत नाही. अशा जवानापुढे तो आदेश वरच्या न्यायालयात आव्हान देऊन बदलून घेणे, हाच रस्ता उरतो.

वरचे न्यायालय म्हणजे केवळ दिल्ली नव्हे, ही गोष्ट 2023 पासून पुन्हा स्पष्ट झाली आहे. 2015 च्या एका निकालामुळे न्यायाधिकरणाच्या आदेशांविरुद्ध उच्च न्यायालयाची वाट जवळजवळ बंद झाली होती. 21 मार्च 2023 रोजी परशोत्तम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालील उच्च न्यायालयाचा अधिकार कायम आहे. मुंबई खंडपीठाच्या आदेशाने दुखावलेला महाराष्ट्रातील जवान त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयात या अनुच्छेदाखालील याचिका, म्हणजे रिट याचिका, करू शकतो. रिट याचिकेला दिवसांची ठरीव मुदत नाही. तरीही अवास्तव उशीर झाला, तर न्यायालय याचिका ऐकण्यास नकार देऊ शकते, म्हणून तिथेही तारखांचा तोच हिशेब द्यावा लागतो. शिवाय उच्च न्यायालय अपिलासारखा सगळा पुरावा नव्याने तपासत नाही. न्यायाधिकरणाने कायदा चुकीचा लावला का, महत्त्वाचा कागद पाहायचा राहिला का, एवढेच ते मुख्यतः पाहते. बहुतेक डिसॅबिलिटी प्रकरणांत सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा दाखवणे अवघड असते, त्यामुळे 30 दिवस हुकलेल्या जवानाने कलम 32 चा अर्ज करण्याआधी या मार्गाचा वकिलांशी गंभीरपणे विचार करावा, असे मला वाटते. एकाच वेळी दोन्ही ठिकाणी धाव घेणे मात्र टाळावे.

उशीर सरकारकडून झाला, तर?

जवान जिंकतो आणि सरकार मुदत संपल्यावर वर जाते, हा प्रकारही वारंवार घडतो. फाइल रेकॉर्ड ऑफिसकडून मुख्यालयात, तिथून कायदा अधिकाऱ्यांकडे, मग मंत्रालयात फिरते आणि विलंब माफीच्या अर्जात तोच प्रवास कारण म्हणून लिहिला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मुख्य पोस्टमास्तर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या प्रकरणात 427 दिवसांचा उशीर माफ करण्यास नकार देताना सांगितले की मुदतीचा कायदा सरकारलाही बांधतो आणि लाल फितीचे नेहमीचे स्पष्टीकरण आता चालणार नाही. 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या 663 दिवसांच्या उशिरावर न्यायालयाने 25,000 रुपयांचा खर्च लादला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले. केवळ ‘सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले’ असा शिक्का मिळवून फाइल बंद करण्यासाठी केल्या जाणाऱ्या अशा याचिकांवर त्या आदेशात कठोर शब्दांत टीका आहे. आजारी जवानाला दाखवायची सहानुभूती हजारो कर्मचारी आणि सरकारी वकील हाताशी असलेल्या खात्याला त्याच मापाने देणे न्याय्य नाही, असे माझे मत आहे आणि हे निकाल त्याला बळ देतात.

अशी नोटीस आली, तर जवानाने गप्प बसू नये. विलंब माफीच्या अर्जाला शपथपत्रावर लेखी उत्तर द्यावे, त्यात फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस विनाकारण पडून होती हे सरकारच्याच तारखांवरून दाखवावे, आणि उशीर माफ करायचाच झाला, तर खर्च आणि थकबाकी जमा करण्याची अट घालावी अशी मागणी करावी. सरकार वर जाईल असा अंदाज असेल, तर आधीच कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी न्यायालयाला आगाऊ सूचना, दाखल करून ठेवल्यास आपले म्हणणे ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणे अवघड होते. अपील दाखल झाले म्हणून न्यायाधिकरणाचा आदेश थांबत नाही. स्थगिती नसेल, तर अंमलबजावणीचा अर्ज करून पेन्शन सुरू करून घेण्याचा जवानाला पूर्ण अधिकार आहे, आणि ‘आम्ही अपील करणार आहोत’ हे खात्याचे पत्र म्हणजे स्थगिती नव्हे.

वकिलांच्या खर्चाची चिंता हेच अनेकांच्या उशिराचे खरे कारण असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अपंग व्यक्तींना आणि स्त्रियांना, म्हणजे जवानाच्या विधवेलाही, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी या दोन गटांना उत्पन्नाची मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयासाठी तिथली विधी सेवा समिती आहे, मुंबई उच्च न्यायालयासाठी तिथली समिती आहे, आणि पहिला अर्ज आपल्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केल्यास तिथपर्यंतचा रस्ता समजतो. हा अर्ज मुदतीच्या आत केला असेल, तर त्याची पोच जपून ठेवावी. मदत मंजूर व्हायला वेळ लागला, तर विलंब माफीच्या अर्जाला तीच पोच सर्वात भक्कम जोडपत्र ठरू शकते.